आरशांशिवायची रुंदी

ता. ३, सोमवार
आणि माप म्हणे मीच दिलं! दादाचं आजही फोनवर तेच. आबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं म्हणून जुनी गाडी घेतली, घासाघीस त्याने केली, पण गल्लीत शिरेना तर चूक माझी. "तूच म्हणालास, खुशाल घे. दिवसभर पार्किंगमध्ये गाड्याच लावतोस ना?"
म्हणालो होतो. कागदावर रुंदी पावणेसहा फूट, आपली गल्ली सव्वासहा. बसते. पण कागदावरची रुंदी आरशांशिवायची असते – आरसे धरले तर साडेसहाच्या वर. हे मला ठाऊक नको?

ता. ५, बुधवार
आरसे दुमडून घे म्हटलं. वहिनी पुढे उलटी चालत 'ये, ये' करत होती म्हणे. गेली! थेट दारापर्यंत. मी इथे परमुलखात, पार्किंगच्या तळघरात एकटाच हसलो.
संध्याकाळी परत फोन. गाडी आत गेली, पण तिचं दार वीतभरही उघडेना. दादा डिकीतून रांगत बाहेर आला. आबासुद्धा हसले, आई म्हणाली.
मी रोज लोकांवर खेकसतो – दार उघडायला जागा सोडा. घरचं माप सांगताना तेवढंच विसरलो.

ता. ६
एका गाडीचा आरसा माझ्या हातून खांबाला घासला. मुकादम बोलला. ऐकून घेतलं.

ता. ९, रविवार
गाडी कोपऱ्यावरच राहते. दादा आणि शेजारचा शिंपी आबांना खुर्चीत घालून तिथवर नेतात. साठ पावलं. दारादारात माणसं बघत उभी. आबा मान वर करत नाहीत.

ता. १३, गुरुवार
आबांनी आज खुर्चीत बसायलाच नकार दिला. म्हणाले, "कपाटासारखं मला गल्लीतून मिरवू नका. आता बास."
दादा फोनवर रडला. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
मग आबांनी फोन घेतला. म्हटलं, जा हो आबा, माझ्यासाठी जा. ते गाडीचा विषय काढेनात, डायलिसिसचाही नाही. वेळेवर जेवतोस ना, विचारलं. हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

ता. १६
दुसरी खेपही चुकली. डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलंय. आबा ऐकत नाहीत.

ता. १९, बुधवार
पहाटे आबा गेले. मला पोचायला दोन दिवस. अंत्यविधीला तेवढं थांबता यायचं नाही, आई म्हणाली. तू नको धावू.
तिकिटासाठी काढलेले पैसे दादाला पाठवतोय. अठरा हजार चारशे.