दोन गतींच्या मधलं

चितुंग्विझा, १४ जुलै

प्रिय गरिकाई,

तुझा निरोप मिळाला. मी येणार नाही, सिसी, माझी वाट बघू नका. बस, बहिणीला एवढाच. लीड्सला राहून शब्दही मोजूनमापून वापरायला लागलास वाटतं. तेते मावीसनं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि मग बापाच्या बहिणीला शोभेल असं तुला भरपूर ऐकवलं. ते सगळं लिहीत नाही, कागद जळेल. बाबांना जाऊन वर्ष झालं. सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्या आत्म्याला घरी आणायचा विधी करायचाय. नाचणीची बिअर आठवडाभर आधी घालावी लागते, गावाकडच्या माणसांना आत्तापासून सांगावं लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हुकला तर नोव्हेंबरात आपल्यात काही करत नाहीत, तुला माहीत आहे. आणि एकुलता एक मुलगा नसताना करायचं नाही, असं सगळे म्हातारे एका सुरात म्हणतात. म्हणजे बाबा अजून बाहेरच उभे आहेत, आणि तू मागे फोनवर म्हणालास, ज्यांनी मला फाटकाबाहेर काढलं आणि मरेपर्यंत आत घेतलं नाही, त्यांना मी कोणत्या तोंडानं घरात बोलावू.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. तू संगीत दिलेली साबणाची जाहिरात रेडिओवर लागली आणि तिच्यामागे बाबांच्या म्बिरेच्या लोखंडी पात्या वाजायला लागल्या. बाबा भाजी चिरत होते. सुरी तशीच हातात धरून त्यांनी विचारलं, हे कोणाच्या घरचं वाजतंय? कारण तू एकेका पातीचा सूर कॉम्प्युटरवर धरून सरकवला होतास, कीबोर्डशी जुळावी म्हणून. तुला वाटलं, चुकलेले सूर सुधारले. आपल्या घरची म्बिरा कीबोर्डशी जुळत नाही ती चुकून नव्हे, पणजोबांनी पात्या ठोकल्या त्याच तशा. बाहेरच्या माणसानं हे केलं असतं तर बाबा हसले असते. तू केलंस म्हणून ते म्हणाले की माझ्या आजोबांना रेडिओवर उभं करून तू त्यांचे दात बदललेस, आता या अंगणात पाय ठेवू नकोस. आणि तूही असा हट्टी की बारा वर्षं ठेवला नाहीस.

गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा बाबा आपण होऊन म्हणाले, खरे सूर कुठेतरी राहिले पाहिजेत. म्हणून मी ते सॉफ्टवेअर शिकले. चाळिसाव्या वर्षी, शाळेत गणित शिकवून आल्यावर. तुझ्या जुन्या वहीत तू लिहून ठेवलेलं सगळं वाचलं, दोन मायक्रोफोन उसने आणले, एक म्बिरेसमोर आणि एक ती ज्यात बसवतात त्या पोकळ भोपळ्याच्या तोंडाशी. वीज गेली की आम्ही बसायचो, कारण तेव्हाच शेजारचा फ्रीज, पलीकडची पिठाची गिरणी आणि प्रार्थनेचे भोंगे एकदम गप्प होतात. लॅपटॉपची बॅटरी टिकेल तेवढं रेकॉर्डिंग. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला आणि नॉइज काढायचं बटण दाबलं. भोपळ्यावरच्या बाटल्यांच्या बुचांची सगळी झिणझिण पुसली गेली. बाबांनी हेडफोन लावला, ऐकलं, आणि विचारलं, हे धुतलंस की काय? मी इतकी हसले की त्यांनाही हसू फुटलं. त्या आजारपणात आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेवढंच.

बाबा गेल्यावर मी ते सगळं साफ करून तुला पाठवलं. बाबांनी वाजवलेल्या सोळा गती, आवाज कुठेही दाबलेला नाही, जसं वाजलं तसं. तू तुझ्या त्या महागड्या हेडफोनवर, पूर्ण आवाज देणाऱ्या प्लेअरमधून ऐकलंस आणि लिहिलंस की भोपळ्याच्या आतली हवासुद्धा ऐकू येते, आणि दोन गतींच्या मध्ये एवढी सफाईदार शांतता आहे की सिसी, मला एकही सांधा सापडला नाही. माझ्या कामाचं असं कौतुक आयुष्यात कोणी केलं नव्हतं. मी ते वाचलं आणि उत्तर न देता फोन पालथा ठेवला. तुला वाटलं असेल की मी उत्तर द्यायला विसरले.

सांधे सापडले नाहीत कारण मी ते मन लावून केले होते. बाबा दोन गतींच्या मध्ये बोलायचे. खोकायचे, पाणी मागायचे, आणि बोलायचे. ते सगळं मी कापलं आणि त्या जागी त्याच खोलीतली रिकामी शांतता आणून चिकटवली, प्रत्येक कड दोन्हीकडून विरघळवून. सुरुवातीला कामाचा भाग म्हणूनच, खरंच. गाण्याच्या मध्ये कोणाला खोकला हवा असतो? पण पुढे पुढे मी खोकला राहू दिला आणि बोलणं तेवढं काढलं.

तू इथे नव्हतास, म्हणून सांगते. अकरा महिने मी त्यांना अंघोळ घातली. मक्याच्या पिठाचा साद्झा पातळ करून चमच्यानं भरवला. चादरी धुतल्या, रोज. माझं लग्न मोडलं तेव्हा ते म्हणाले होते की बरं झालं, घरात कोणीतरी राहील, आणि मी राहिले. एके दिवशी रेकॉर्डिंगला आवाज फाटत होता, मी पातळी कमीजास्त करत होते, तर बाबा वैतागून म्हणाले, तू ऊठ तिथून, गरिकाईला बसव, त्याला कळतं त्यातलं. मी उठले नाही. पातळी बरोबर लावली आणि म्हटलं, वाजवा. माझ्याकडे चाळीस तासांचं रेकॉर्डिंग आहे. ते सगळं मी पुन्हा ऐकलं, यंदा एप्रिलच्या सुट्टीत, पहिल्या सेकंदापासून. कशासाठी ते तुला सांगायला लाज वाटते. मी माझं नाव शोधत होते. नेत्साई, पाणी. नेत्साई, दार लाव. नेत्साई, झालं का तुझं. सात वेळा आहे, सातही वेळा असंच.

आता जे सांगायला बसले ते सांगते. सोबत फाइल पाठवतेय, सोळा गतींची नव्हे, सबंध कामाची. तुला शिकवायला नको, हे सॉफ्टवेअर कापलेलं टाकून देत नाही. प्रत्येक गतीची कड धरून उजवीकडे ओढ, कापलेलं परत येईल. पहिल्या गतीनंतर बाबा विचारतात, गरिकाईचा फोन आला का गं? तिसरीनंतर विचारतात. सहावीनंतर म्हणतात, मी त्या दिवशी फार बोललो, पोरगंच होतं ते. नवव्या गतीनंतर विचारतात, आणि मग प्रत्येक गतीनंतर. फोन लाव असं ते एकदाही म्हणाले नाहीत, तेवढा ताठा शेवटपर्यंत होता, नुसतं आला का. आणि प्रत्येक वेळी माझा आवाज ऐकू येईल तुला, नाही बाबा. तू दर आठवड्याला करत होतास, मी अंगणात जाऊन घेत होते. शेवटची गत गुरुवारची, तेरा जूनची. तिच्यापुढे सहा मिनिटं रेकॉर्डिंग चालूच राहिलंय. त्यात माझा फोन वाजतो. तो तुझा होता. त्या दिवशी मी बाहेर गेले नाही. तू विचारलंस, सिसी, बाबा माझ्याबद्दल काही बोलले का, मी निघू का. बाबा माझ्यापासून दोन हातांवर बसले होते, मांडीवर म्बिरा. मी म्हटलं, नाही, काही बोलले नाहीत, उगीच येऊ नकोस. मग बाबा विचारतात, कोणाचा फोन? मी म्हणते, वीजवाल्यांचा. ते बरं म्हणतात आणि पुन्हा वाजवायला लागतात, आणि मी मशीन बंद करते. सोमवारी पहाटे ते गेले. हे तेतेला अजून माहीत नाही, तू आलास की तिच्यासमोर मीच सांगेन. मला तोंड दाखवू नकोस म्हणायचं असेल तर तेही इथे येऊन म्हण. फाटक त्यांनी उघडलं होतं, गरिकाई. मी लावून धरलं होतं.

म्हणायचा हक्क उरला नाही, तरी तुझीच,
सिसी नेत्साई