माझा दुखरा गुडघा

बाबा,

आपल्या गावी, याइझुला परत आलोय. बारा वर्षं राखीव गोलकीपर होतो, सामने खेळलो तीन. सामना संपला की आम्ही सगळे प्रेक्षकांपुढे ओळीनं वाकायचो. त्या ओळीत माझीच जर्सी कोरडी असायची. तुम्हाला काय तोंड दाखवू, म्हणून सणालासुद्धा घरी आलो नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या वर्षश्राद्धाला टोफूवाल्या इसोबेकाकू म्हणाल्या, "गुडघा कसा आहे रे? तुझे बाबा दर रविवारी सांगायचे, पोराचा गुडघा दुखतोय, नाहीतर आज तोच खेळला असता. बारा वर्षं एकच दुखणं? डॉक्टर बदल की मेल्या!"

माझा गुडघा कधीच दुखला नव्हता, बाबा.

खेळणं सुटलंय आता. पण काकूंच्या दुकानावरून जाताना आठवणीनं लंगडतो.

तुमचाच,
तात्सुनोरी