कंसातला आवंढा

१२ जुलै

चि. धाकटे,
अ. उ. आ.

तुझ्या लेकीच्या वक्तृत्व क्लासचं संमेलन पाहून आलो आणि अजून मळमळतंय. रेडिओवर जन्मभर बातम्या वाचल्या, पण इतकं खोटं कधी तोंडातून काढलं नाही. सगळ्या पोरांचा आवाज एकच! ‘आई’ म्हटलं की हात छातीवर, ‘देश’ म्हटलं की मूठ वर. शी!

त्यात आपली चिमणी. जावईबापू समोर चांगले जिवंत बसलेत आणि ही माइकवर सांगते, बाबा गेले, आवंढा, आणि घर सुनं झालं. अगं, ‘आवंढा’ ही सरांनी कंसात लिहिलेली सूचना होती, इथे गिळायचा म्हणून! पोरीने तीही घोकलेली. लोक हसतील म्हणशील तर छे, भराभर रुमाल निघाले! जावईबापूंनीही टाळ्या वाजवल्या. मला तिथे बसवेना. तिला त्या क्लासातून आधी काढ.

मळमळ थांबली की लोभ आहेच.

तुझा
दादा

१८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं नाक मुरडणं पोचलं. तुला बोलायला काय जातं? पाहुणे आले की ही दाराआड लपायची, वर्गात नाव विचारलं तरी रडायची. आता माइकपुढे उभी राहते. खोटं तर खोटं, पोर बोलते ना? मोठ्या स्पर्धेतही तिला हेच भाषण करायचंय. सर म्हणतात, बाप मेल्याशिवाय बक्षीस नाही.

हे मात्र संमेलनापासून गप्प गप्प आहेत. लिफ्टच्या दुरुस्त्या करून येतात, जेवतात, झोपतात. ती समोर आली की पेपर तोंडापुढे धरतात. मलाही कसंतरीच होतं रे. पण आता माघार घेतली तर ती पुन्हा दाराआड जाईल, हीच धास्ती आहे.

रागाव हवं तर, पण लोभ आवरू नकोस.

तुझी
धाकटी

२ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आई म्हणाली, तूच कळव. स्पर्धेत ‘बाबा’ म्हटलं आणि समोर बाबा दिसले, बाहीला ग्रीस लागलेले, थेट कामावरून आलेले. मग खराच आवंढा आला. मला माझीच किळस आली मामा. मी सांगून टाकलं की माझे बाबा गेलेले नाहीत, ते तिथे बसलेत. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की ते बाहेरून त्याच्याशी बोलत राहतात, म्हणजे तो घाबरत नाही. मी दाराआड लपायचे तेव्हा ते माझ्याशीही असेच बोलायचे. मी चार वेळा अडखळले, पण बोलले.

बक्षीस गेलं. सर म्हणाले, सगळं नासवलंस. त्यांच्याकडे आता मी जाणार नाही.

घरी येताना बाबा इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले. त्या भाषणात मी नेमका कशाने गेलो गं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ते सरांनी लिहिलंच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही.

लोभ असू दे.

तुझी
चिमणी