रिकामा डबा

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळच्या गाडीने भडगावहून धुळ्याला आलो. अकराला अभ्यासिकेत रुजू झालो. दुसरा मजला, चाळीस खाने, प्रत्येकात टेबल, खुर्ची, दिवा. मालक भाईदासनाना मोकळा माणूस. त्यांनी आधी कळण्याची भाकरी आणि भरीत पुढे केलं. तेराव्याच्या गंधमुक्तीनंतर पहिल्यांदाच पोटभर जेवलो. काम सोपं आहे. हजेरी घ्यायची, शांतता ठेवायची आणि गावाकडून एसटीने येणारे मुलांचे डबे स्टँडवरून आणायचे. उद्यापासून आई मलाही डबा पाठवणार आहे, बादलच्याच डब्यात.
बादल माझा धाकटा भाऊ. डिसेंबरात इथेच, सतरा नंबरच्या खान्यात, टेबलावर डोकं ठेवून गेला. वय वीस. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. का, ते समजून घ्यायला आलोय. नानांना नातं सांगितलेलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
समजलं. एका मुलाला लक्ष लागत नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. त्या तो सगळ्यांना वाटतो. मुलं गोळीला चार्जर म्हणतात. मग झोप नाही, भूक नाही. डबे खाली कुत्र्यांना घालतात आणि धुऊन परत पाठवतात.
बादलने तसं कधी केलं नाही. त्याचा डबा दोन महिने भरलेलाच परत यायचा. आईला वाईट वाटेल म्हणून मीच तो भडगाव स्टँडवर बसून संपवायचो. ती रोज विचारायची, त्याला आवडलं का. मी हो म्हणायचो.

१० फेब्रुवारी, सोमवार
अकरा नंबरला धर्मेंद्र बसतो, शिरपूरकडचा. ओठ कोरडे, गुडघा सारखा टेबलावर आपटतो. नाना म्हणतात, परीक्षा आली की पोरं अशीच दिसतात. त्याच्या वडिलांना फोन केला. पोरगा अभ्यास करतोय, याचंच त्यांना कौतुक.
"पोऱ्या अभ्यास करी ऱ्हायना, भाऊ. करू द्या त्याले."
धर्मेंद्र हसून म्हणाला, "अभिमनदादा, तुम्ही डबे सांभाळा."
त्याचं गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं. खिशात ठेवलंय.

१३ फेब्रुवारी
दुपारी सगळे बाहेर गेले होते. सतरामधून गुडघा आपटल्याचा आवाज. पाहिलं. खुर्ची रिकामी. नानांना सांगितलं तर म्हणाले, दोन दिवस गावी जाऊन या.
बादलला त्या गोळीने काय होत असेल, ते कळायला हवं. एक घेतली.

१५ फेब्रुवारी
धर्मेंद्रला नवं पाकीट मिळालं. आज त्याचा डबा कुत्र्यांपर्यंत जाऊच दिला नाही. भरलेलाच शिरपूरच्या गाडीत ठेवला.

१६ फेब्रुवारी
त्याची आई पहिल्या गाडीने आली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पिशवी भरली, घेऊन गेली. वडिलांनी फोनवर मला शिव्या दिल्या.
बादलचा एक डबा भरलेलाच आईपर्यंत जाऊ द्यायचा. तेवढंच करायचं होतं. एकदाच.

१९ फेब्रु.
झोप नाही. आवाज थांबत नाही — खाली पाहिलं. माझाच गुडघा.

२० फेब्रु.
गुडघा दोन्ही हातांनी धरला. सतरामधला चालूच —
पाकिटात दोनच उरल्या.

२१
डबा आला. शेवभाजी. वासही नको —
सतरामधून आवाज. बादलचाच. "दादा, भरलेला जाऊ दे."
आईचा फोन. आवडलं का. हो म्हणालो.
भाजी कुत्र्यांना घातली. नळावर डबा धुतला. झाकण पुसलं. आता रुमालात बांधून गाडीच्या वेळेला —