कठड्याची उंची

आदंबाक्कम, चेन्नई
१ मार्च २००८

प्रिय ऊर्मी,

आज सकाळपासून कानात एकच आवाज आहे. डुब्. तुला आठवतो का गं? कोवलमच्या विहिरीत मी टेप सोडायचो. टोकाला पालथ्या पेल्यासारखं पितळी वजन असायचं, आणि ते पाण्याला टेकलं की खालून तो आवाज यायचा. तू सात वर्षांची, कठड्याला पोट लावून, श्वास रोखून उभी. आवाज आला की ओरडायचीस, "लागलं!" मग मी आकडा वाचायचो आणि तू माझ्या वहीत लिहायचीस. परतीच्या बसमध्ये मी तुला शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचो आणि कंडक्टर हसायचा. त्या कवितांमधल्या विहिरीचं पाणी हटकून गोड असायचं. मला तर वाटायचं, सरकार मला पगार देतं तो ते कवितेतलं पाणी मोजायलाच. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढतोय. ई-मेलवर सांगण्यासारखं हे नाही.

तुमचा तो जानेवारीतला दौरा अजून माझ्या घशाशी आहे. नुसता राग असता तर एव्हाना उतरला असता. मला शिसारी आली. किती हौसेने मी वाट पाहिली होती! चोवीस वर्षांच्या वह्या पुसून, नंबर घालून ठेवल्या होत्या. दिवसाला वीस-वीस टँकर तिथल्या वाळूखालचं गोड पाणी उपसून पेरुंगुडीच्या काचेच्या कचेऱ्यांना नेतात, आणि झालेली पोकळी भरायला खालून समुद्र सरकतो. हे आकड्यांतून समजायला मला दोन वर्षं लागली. विहीर जिच्या अंगणात आहे त्या मासे विकणाऱ्या अलमेलूला एक दिवस पुरला. खारट पाण्यात तिची डाळ शिजेना. आता तुमची समिती अहवाल लिहिणार, त्यावर टँकरांचे परवाने ठरणार, आणि समितीत माझी लेक! मी नवा शर्ट शिवून घेतला होता.

आणि आले कोण, तर चार विद्वान आणि पाचवी तू. हवामानवाल्या गृहस्थांच्या नकाशात कोवलम, पेरुंगुडी आणि मैलोन्‌मैल समुद्र मिळून एकच चौकोन. त्या चौकोनात उभे राहून ते शंभर वर्षांनंतरचं सांगत होते. समुद्र किती चढेल, किती आत येईल. मी ते अलमेलूला तमिळमध्ये सांगितलं तर ती म्हणाली, "शंभर वर्षं कशाला ऐया, माझ्या रसममध्ये तो परवाच आलाय." मला वाटलं, निदान हसतील. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. पक्ष्यांच्या बाई दुर्बीण लावून वाळूतली घरटी मोजत होत्या. त्यांच्या कागदावर कोळ्यांची पोरं 'उपद्रव' या सदरात गेली. समाजशास्त्रवाल्यांनी विचारलं, पाण्याच्या चवीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाचमध्ये सांगा. पाण्याच्या डॉक्टरांनी बाटली भरली, बूच लावलं, चिठ्ठी डकवली आणि हात पुसले. आणि तू, माझी अर्थशास्त्रवाली बाय, ज्या बाईच्या मांडीवर बसून इडली खाल्लीस तिला विचारलंस, "गोड पाण्यासाठी तुम्ही दरमहा किती द्यायला तयार आहात?" ती काय म्हणाली ते तू लिहून घेतलंस की नाही ठाऊक नाही. "पाणी माझं, नेणार टँकरवाला, आणि पैसे मी द्यायचे? ही शाळा कुठे असते गं, जिथे हे शिकवतात?"

कुणी ते पाणी जिभेला लावलं नाही, ऊर्मी. पाच शास्त्रं आली आणि एकाही शास्त्राला जीभ नव्हती. अलमेलूने त्याच पाण्याची कॉफी केली होती. पेले तसेच राहिले, माशा बसल्या. सगळे गाडीतल्या बाटल्यांचं पाणी पीत होते. बूच फुटण्याचा तो कट्‌-कट्‌ आवाज मला ऐकवेना. आमचे गुरुजी कविता शिकवताना आधी डोळे मिटायला लावायचे, अर्थ मागाहून. तुमच्यात सगळे आधीच अर्थ घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या त्या गार हॉलमध्ये माझ्या वह्यांचा आलेख पडद्यावर आला. अलमेलूलाही मागच्या खुर्चीवर बसवलं होतं, बाधितांची प्रतिनिधी म्हणून. रेघ वर्षानुवर्षं हळूहळू उतरत होती आणि एप्रिल २००५ला एकदम एका पायरीने खाली. पाण्याचे डॉक्टर म्हणाले, पाणी असं एका महिन्यात उडी मारत नाही. विहिरीवरची मोजायची खूण कुणीतरी हलवली आहे. समाजशास्त्रवाले लगेच म्हणाले, स्वाभाविक आहे, बाधित लोकांचा कल नुकसान वाढवून दाखवण्याकडे असतो. सगळ्या माना हलल्या. आयुष्यात पहिल्यांदा चौघांचं एकमत झालं, आणि तेही एका मासे विकणाऱ्या बाईच्या खोटेपणावर. गेल्या आठवड्यात तुझा निरोप आला की कोवलमचे आकडे अविश्वसनीय ठरवून वगळले, अहवाल पंधरा तारखेला छापायला जातो, वाईट वाटून घेऊ नका बाबा. म्हणजे टँकर चालूच.

आता हे पत्र ज्यासाठी आहे ते लिहितो. रीडिंग कसं घेतात ते तुला पाठ आहे. लाल खुणेपासून पाण्यापर्यंत मोजायचं आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची, की जमिनीपासूनची खोली मिळते. त्सुनामीत तो कठडा ढासळला. मदतवाल्यांनी नवा बांधला, जुन्यापेक्षा पंचेचाळीस सेंटिमीटर उंच. त्यावर लाल खूण मी स्वतःच्या हाताने काढली. आणि वजा करताना हात जुनाच आकडा वजा करत राहिला, वीस वर्षांच्या सवयीने, पाढ्यासारखा. ती पायरी पडद्यावर दिसली त्या क्षणी मला कळलं. तू वळून विचारलंस, "बाबा, खूण कुणी हलवली असेल?" आणि तुझ्या साहेबांसमोर, नव्या शर्टात, मी म्हणालो, "असेल." बसमध्ये अलमेलूने विचारलं, काय म्हणाले ऐया? मी म्हणालो, बघू म्हणाले. आदल्या दिवशी गाडीतल्या त्या बाटलीतलं पाणी मीही प्यायलो होतो, ऊर्मी. शिसारी कुणाची येतेय ते महिनाभर मला ओळखू येत नव्हतं. गेल्या पहिल्या तारखेला तिने कॉफी आणली तर मी टेप कठड्यावर टाकून तसाच निघून आलो. आज पुन्हा पहिली तारीख, रीडिंगचा दिवस, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदाच मी गेलो नाही. तू एवढं कर. एप्रिल २००५ पासूनच्या माझ्या प्रत्येक आकड्यातून पंचेचाळीस सेंटिमीटर वजा कर. पायरी नाहीशी होईल. उतार राहील. समितीला माझ्या नावानिशी सांग की चूक निरीक्षकाची आहे, आणि पंधरा तारखेच्या आत कोवलम पुन्हा अहवालात घे. हे पत्र त्यांना दाखव. तुला माझी लाज वाटेल, वाटू दे. थांब, बेल वाजतेय. या वेळी कोण? टेबलाजवळच्या खिडकीतून फाटक दिसतं. अलमेलू आहे. इतक्या वर्षांत ती या घरी कधी आलेली नाही. एका हातात माझी टेप आहे. मला पाहून तिने दुसरा हात फाटकाच्या जाळीशी धरलाय, तळवा माझ्याकडे. त्यावर निळ्या पेनाने एक आकडा लिहिलाय.

दार उघडायला उठतो.

तुझाच,
बाबा