तेराव्याच्या आत जागा भरायची नाही

प्रिय दत्त्या,

परवा तुझ्या दशक्रियेला मला माइक दिला नाही, म्हणून हे लिहितोय. घाटावर तासभर श्रद्धांजल्या झाल्या. सोसायटीचे चेअरमन बोलले, डेअरीवाले बोलले, दोन पुढारी तर तुझं नाव शेजारच्याला विचारून बोलले. "दत्तात्रय अतिशय मनमिळाऊ होते." मनमिळाऊ! अरे, तुझ्याइतका हट्टी माणूस पिंपळवंडीत दुसरा झाला नाही, हे सांगायला एक तरी जण उभा राहायला नको होता का? मी हात वर केला, तर माइकवाला म्हणाला, "शेठ, वेळ न्हाई, आता थांबावं लागंल."

तर आता ऐक. आणि मधे बोलू नकोस.

आळेफाट्यावरच्या आमच्या किराणा दुकानात वडिलांनी हिशोबासाठी कॉम्प्युटर घेतला, आठवतं ना? हिशोब राहिला वहीतच. पुण्यात शिकणाऱ्या मामेभावाने एका गेमची सीडी आणली, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की आपण दोघे त्या पडद्यापुढे. तलवारी, जादू, राक्षस, आणि सहा जणांची टोळी घेऊन सगळा मुलूख पालथा घालायचा. इंग्रजी मी वाचायचो, ठरवायचास तू. लाइट जायच्या आत खेळ सेव्ह करायचा, एवढंच काय ते आपल्यात एकमत!

मी म्हणायचो, टोळीचा तोल सांभाळ. पुढे मार खायला दोन पैलवान, मागे एक जादूगार, कुलपं उघडायला चोर, जखमा बऱ्या करायला वैद्य. दुकानात माल भरतो तसा साधा विचार. तुला तो कधी पटला? पहिल्याच गावात भेटलेला एक गवई तू टोळीत घेतलास. त्याला धड लढता येईना, धड जादू येईना. तो नुसता गायचा. तू त्याचं नाव ठेवलंस भजनी. त्याला काढून कामाचा माणूस घेऊ म्हटलं, तर माझ्यावरच डोळे वटारलेस.

"शेठ, पयल्या गावापास्नं आपल्यासंगं चाललाय त्यो. आता आपुन मोठं झालो म्हून हाकलायचा व्हय?"

त्या खेळात सोबत्यांचीही आपापली कामं असायची. कुणाची बहीण पळवलेली, कुणाची जमीन बळकावलेली. त्याचं काम वेळेत केलं नाही, तर तो रागावून टोळी सोडायचा. मला ती कटकट वाटायची. तू मात्र मांडीवर थाप मारलीस. "ही तर सावड हाय राव! आज त्यो आपल्या वावरात, उद्या आपुन त्याच्या." झालं! राजाचं काम राहिलं बाजूला, आणि आपण एकेकाच्या घरची कामं उरकत फिरलो.

आणि आपला वैद्य मेला तेव्हा काय केलंस? वैद्य आणि जादूगार यांचं हाडवैर. मी घसा कोरडा करून सांगत होतो, दोघांतल्या एकाला सोड. तुझं म्हणणं, "भावकीत आसंच आसतं. एकत्र जेवली की मिटंल." म्हणून तू त्यांना सारखं खाणावळीत मुक्कामाला नेत राहिलास. शेवटी जादूगाराने वैद्याला जाळलंच आणि स्वतः पसार झाला. मी दुसरा वैद्य शोधून आणला. तो यायलाही तयार होता. तर तू म्हणालास, "तेराव्याच्या आत त्याची जागा भरायची न्हाई." आणि खरंच खेळातले तेरा दिवस होईपर्यंत सगळ्या टोळीला खाणावळीत झोपवून ठेवलंस! तेवढ्यात चोराच्या कामाची मुदत संपली आणि तो शिव्या देत चालता झाला. साऱ्या जगात कुणी असं खेळलं असेल का? मी कीबोर्ड आपटला. तू शांतपणे म्हणालास, "जाऊ दी. त्याचं बराबर हाय. आपुन त्याच्या कामाला गेलो न्हाई."

मग माझं काय, दत्त्या?

वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी त्यांच्याजवळ पुण्याच्या दवाखान्यात होतो, आणि ऐन दिवाळीत आमचं दुकान तू चालवलंस. स्वतःची कांद्याची लागण मागे टाकून! त्यानंतर दर वर्षी मी विचारायचो, काढणीला कधी येऊ? दर वर्षी तू हसायचास. "तुमा जैन लोकांत कांदा चालत न्हाई शेठ. तू आपला गल्ल्यावर बस." आम्ही कांदा खात नाही, जमिनीतून उपटतही नाही, खरं आहे. पण माझा धर्म सांभाळायचं काम तुला कुणी सांगितलं होतं? सावड एकतर्फी असते का रे? पडद्यावरच्या चोराचा राग तुला कळला, माझा नाही कळला!

आणि ज्याचा सगळ्यात जास्त राग आहे ते आता सांगतो. गेलास त्याच्या आदल्या दिवशी तू दुकानाच्या पायरीवर बसून सोडा प्यालास. छाती चोळत होतास. मी विचारलं, तर म्हणालास, "पित्त खवळलंय." सुनंदावहिनी आता सांगतात की कितीतरी दिवस दुखत होतं, आणि "कांदं निघू दी, मंग डाक्टर" असं तू त्यांना गप्प करत होतास. खेळातही तुझी हीच खोड. स्वतःचा पैलवान अर्धमेला आणि औषधाची बाटली भजन्याच्या तोंडात! तिथे मागचा सेव्ह उघडून पुन्हा खेळता यायचं, गाढवा. माझी गाडी दारात उभी होती. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं? मला इतका राग आलाय, आणि ज्याच्यावर काढायचा तोच जागेवर नाही.

काल वहिनींकडे गेलो होतो. अर्ध्या वावरातला कांदा अजून जमिनीतच आहे. सगळ्यांचीच काढणी चालू, मजूर मिळेना, आणि आभाळ भरून यायला लागलंय. घरी येऊन आईला म्हटलं, मी जाणार. वाटलं, ती नको म्हणेल. तिने हातातली माळ खाली ठेवली.

"जा तू. दिवाळीत तो आपल्या गल्ल्यावर बसला, तेव्हा त्याने काही विचारलं होतं का? प्रायश्चित्ताचे उपास करावे लागतील ते मी करते."

तर टोळी जमवली आहे, आणि या खेपेला माझ्या पद्धतीने, तोल सांभाळून. ट्रॅक्टरवर तुझा चुलतभाऊ, गोण्या उचलायला आमचे दोन हमाल, पात कापायला वहिनींच्या माहेरच्या दोघीजणी. आणि ज्याला विळा कसा धरतात तेही ठाऊक नाही असा एक बिनकामाचा, तो मी. पहिल्या गावापासून तुझ्यासंगं चाललोय, मला काढता येणार नाही.

तुझाच नियम आहे म्हणून आज थांबलोय. उद्या तुझा तेरावा. परवा दिवस उगवायला मी तुझ्या वावरात असेन. तुझी जागा भरायला नाही रे, ती कुणाच्या बापाला भरता यायची नाही. माझी पाळी राहिलीय म्हणून येतोय. शेवटचा कांदा निघेपर्यंत गल्ल्यावर बसणार नाही. पुढच्या काढणीलाही येईन, आणि त्याच्या पुढच्याही. आता नको म्हणून दाखव!

तुझ्या टोळीतला भजनी,
प्रकाश