एका दैवशालाच्या दोन नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, जालना

जिल्ह्यातल्या आरोग्याच्या सगळ्या नोंदी एका जागी जोडायच्या — हे माझं काम. ऐकायला सोपं! बाई सासरी नवऱ्याच्या नावाने, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की बापाच्या. एकीच्या दोघी! वाटूरच्या दवाखान्यात लिहिलेलं तीर्थपुरीच्या दवाखान्याला ठाऊक नाही. दोन्ही नोंदी जुळल्या आणि धोका दिसला, की घरच्यांच्या फोनवर इशारा जायला हवा.

चाचणीला खोटी बाई हवी होती. ताईचंच नाव टाकलं — दैवशाला, रक्तदाब जास्त. नंबर माझा. शेजारच्या टेबलावरचा रिजवान चिडला, "घरच्यांचे नावं नको टाकू, बराबर न्हाई." म्हातारा कुठला!

१२ फेब्रुवारी

ताई सासरहून, वाटूरहून, तीर्थपुरीला आली. आठवा लागलाय. आईने दवाखान्यात बाबांच्या नावाने नोंदवलं. "तुझाच नंबर देऊन टाकला. आम्हाला कुठं मेसेज वाचता येतेत!" ताई मागून ओरडली, "अर्पे, झबलं आण, पिवळं!"

१९ फेब्रुवारी

दोन्ही गावांच्या खऱ्या नोंदी आज जोडल्या. चाचण्याही चालूच. जेवायला उठले नाही. फोन नुसता किणकिणतोय — ताईच्या नावाचेच सात इशारे! न वाचताच पुसले. ताई, किती छळशील!

२४ फेब्रुवारी

ताई गेली.

९ मार्च, तीर्थपुरी

काल तेरावं झालं. झटके आल्ते म्हणे. डॉक्टरांचं वाक्य डोक्यातून जात नाही — "बीपीचं आधी कळलं असतं तर..." वाटूरच्या नर्सने लिहिलं होतं! तपासणीचं ते कार्ड सासरी कपाटात राहिलं. दाजी तेच कार्ड खिशात घालून फिरताहेत. कुणाला द्यायचं ते त्यांना कळत नाही.

ताईची पोरगी दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. झबलं माझ्या पिशवीतच.

मला रडू येत नाही, नुसता संताप. जगाच्या नोंदी जुळवल्या आणि माझ्या ताईची जुळली नाही! माझ्याच प्रोग्रॅमने दगा दिला. उद्या जालन्याला जाऊन त्याची चूक शोधणार. सोडणार नाही.

१० मार्च, जालना

चूक सापडली नाही. १९ फेब्रुवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं — वाटूरची आणि तीर्थपुरीची दैवशाला एकच, म्हणून जुळली. इशारा गेला. माझ्या नंबरवर.

ताईच्या नावाच्या चाचण्या त्या दिवशी मी सहाच केल्या होत्या.